डफ गार पडला त्या रात्रीचं प्रकरण

रात्रीचे ९ वाजून ३८ मिनिटं. जानेवारीचा दुसरा आठवडा, उघडं मैदान आणि शाल पांघरूनही दात वाजावेत अशी थंडी. मंचावर एक मुलगा माइक हातात घेऊन अहिराणीत पुण्याच्या घरमालकाची नक्कल करत होता. वांग्याचं भरीत करायचं तर कपाशीच्या काड्या तिसऱ्या मजल्यावर पेटवायच्या कुठं, हा त्याचा प्रश्न होता आणि मैदान खदखदून हसत होतं. विंगेत माझ्या शेजारी वहीगायन मंडळाचे म्होरके उभे होते. वही म्हणजे डफाच्या तालावर कथा गाण्याची आमची खान्देशी लोककला. त्यांना सगळे आबाच म्हणतात. त्यांनी डफावर बोटं मारली. जिथं टणत्कार यायला हवा तिथं ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला.

"ताई, डफ गार पडनात. जराखा इस्तो भेटी का?"

इस्तो म्हणजे विस्तव. मंचामागं कापडी कनाती, एकांकिकेच्या नेपथ्याचा थर्माकोल, चार पावलांवर जनरेटर आणि त्याचा डिझेलचा कॅन. मी नाही म्हटलं. तो नकार बरोबरच होता, असं मी आजही म्हणेन. चूक झाली होती ती तीन आठवडे आधी, आणि ती माझ्या हातून झाली होती.

माहिती पत्रकातला नसलेला रकाना

महोत्सव जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, तीन दिवसांचा. गावाचं आणि समितीचं नाव देत नाही; त्या माणसांबरोबर मला यंदाही काम करायचं आहे. अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथला मांडव बघून आलेल्या आमच्या चार-पाच जणांच्या डोक्यात 'आपल्याकडंही काही तरी' हे शिरलं. साहित्य झेपणार नाही, म्हणून कला. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेली पंधरा वर्षं मुलांच्या एकांकिकांमागं धावते आहे, त्यामुळं मंच व्यवस्थापन माझ्या गळ्यात पडलं.

कलाकारांना पाठवायचं माहिती पत्रक मीच केलं. केलं म्हणजे एकांकिका स्पर्धेचा जुना कागद उघडला आणि वरचं शीर्षक बदललं. कलाकारांची संख्या, माइक किती, पेन ड्राइव्ह आहे का, खुर्च्या, कपडे बदलायला खोली, लागणारा वेळ. नृत्यवर्गानं ते पाच मिनिटांत भरून दिलं. महाविद्यालयाच्या नाट्यसंघानं संहितेच्या परिनिरीक्षण मंडळाकडल्या प्रमाणपत्राची झेरॉक्सही जोडली. हास्यकलाकार मुलानं व्हॉट्सअॅपवर कळवलं, "एक माइक, एक पाण्याची बाटली." आबांचं पत्रक त्यांच्या नातवानं भरलं होतं. माइक: जितके असतील तितके. पेन ड्राइव्ह: नाही. लागणारा वेळ: रात्रभर.

बैठकीत आम्ही त्यावर हसलो. मीही हसले. मग लाल पेनानं 'रात्रभर' खोडून मी '४० मि.' लिहिलं, आणि चाळीस मिनिटं म्हणजे लोककलेवर मोठीच मेहेरबानी झाली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या नृत्यपथकानं मात्र पत्रक भरलंच नाही. त्यांच्यातल्या एका शिक्षकाचा फोन आला. समितीला मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरं बांधलेला होळीचा नाच हवा होता, कारण काठी या गावच्या होळीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले. ते म्हणाले, तो वेष होळीतला आहे, तो घेणारा माणूस आधी व्रत पाळतो, जमिनीवर झोपतो. जानेवारीत तुमच्या मंचावर तो येणार नाही. लग्नातला नाच आणू, मोठा ढोल आणू, आणि नाचायला मातीची जमीन लागेल, लाकडी फळ्या नकोत. काही पथकं तो वेष मंचावर आणतातही, पण यांनी नाही म्हटलं आणि आम्ही ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी ते मंचासमोरच्या मातीत नाचले, अगदी दणक्यात. फरक एवढाच की त्यांनी फोन करून आपल्या अटी सांगितल्या. आबांनी सांगितल्या नाहीत, कारण बोलावणाऱ्याला अटी घालणं त्यांच्या रीतीत बसत नाही. आणि विचारणं माझं काम होतं.

मिनिटांचा हिशेब

दुसऱ्या रात्रीचा कागद असा होता: साडेसहाला सत्कार, वीस मिनिटं. ६.५० ते ७.३० नृत्य. ७.४० ते ८.२५ एकांकिका. ८.३५ ते ८.५५ हास्य. ९ ते ९.४० वहीगायन. मग आभार, दहाच्या आत दिवे बंद.

झालं ते असं. पाहुणे अर्धा तास उशिरा आले. सत्कार सातला सुरू होऊन ७.५० ला संपला. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, आणि एका पाहुण्यांना आपलं बालपण आठवलं. ७.५० ते ८.२८ नृत्य. आठ मिनिटांत नेपथ्य लागलं. ८.३६ ते ९.१४ एकांकिका. ९.१८ ला हास्यकलाकार मंचावर गेला तो ९.४४ ला उतरला. वहीगायन ९.४४ ते ९.५८. चौदा मिनिटं.

नंतरच्या बैठकीत पहिलं वाक्य आलं, "तो कॉमेडीवाला पोरगा लांबला, त्यानं घोळ केला." मी नोंदवही काढली. सहा मिनिटं तो लांबला, खरं. पण नृत्यानं दोन वाचवली होती आणि एकांकिकेनं सात. या तिघांना मिळून १०५ मिनिटं दिली होती, त्यांनी १०२ घेतली. कलाकारांनी आम्हाला तीन मिनिटं परत केली होती. तासभर गेला तो दीपप्रज्वलनाच्या समईपाशी. हे मी बैठकीत बोलले तेव्हा दोघांनी चहा मागवला आणि विषय जेवणाच्या बिलाकडं वळला.

दहाची रेघ हलवता येत नव्हती. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण जिल्ह्याच्या यादीत ते दिवस गणपती, नवरात्र, शिवजयंती असल्या सणांना जातात. आमची तारीख त्यात नव्हती. समितीतल्या एकानं विंगेत येऊन सुचवलं, "माइक बंद करू, नुसतं वाजवू द्या त्यांना." तेही चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर नियमात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यंही आली आहेत. बंदिस्त सभागृह असतं तर गोष्ट वेगळी. आमच्याकडं होतं मैदान. शहरात बंद नाट्यगृहात होणाऱ्या नाटकाला या नियमाची झळ लागत नाही. ती लागते जत्रेतल्या तमाशाला, वहीला, भारुडाला, ज्यांची रात्र दहाला सुरू व्हायची. तमाशाचे फडमालक वेळेच्या सवलतीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत आलेत ते उगाच नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत शेजारी डीजे लागला की मीच शंभर नंबर फिरवते.

शेकायचं कशावर

डफ म्हणजे लाकडी कडं आणि त्यावर एका बाजूनं ताणून बसवलेलं शेळीचं कातडं. तबल्याला हातोडी आहे, ढोलकीला दोरी आणि कड्या किंवा आता नटबोल्ट आहेत, तुणतुण्याला खुंटी आहे. डफाला यातलं काही नाही. त्याला सुरात आणायचं साधन एकच, ऊब. कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, आवाज खाली बसतो. शेकलं की आवळतं आणि बोलू लागतं. गार पडलं की पुन्हा शेकायचं. म्हणून गावात वही रंगते तिथं कडेला शेकोटी असते, आणि ती गाणाऱ्यांच्या हातपायांसाठी जितकी, तितकीच डफांसाठी. मधल्या फळीतला एखादा उठून डफ ओवाळल्यासारखा जाळावर धरतो, बोटानं वाजवून बघतो, परत येतो. गाणं थांबत नाही.

मंडळी ८.१५ ला मंचामागं येऊन बसली होती, कारण त्यांची वेळ नऊची. येताना डफ शेकूनच आणले होते. पुढचा दीड तास ते दवात राहिले. चौदा माणसं, पाच डफ, दोन ढोलक्या, झांजा, आणि लुगडं नेसून, पदर खोचून तयार असलेला एक नाच्या, जो थंडीनं काकडत होता आणि लुगड्यावरून माझी शाल पांघरून बसला होता.

विस्तव नाही म्हटल्यावर आबांनी वर लावलेल्या दिव्यांकडं पाहिलं. पूर्वी अशा मंचांवर हॅलोजनचे दिवे असायचे, हजार-हजार वॉटचे. त्यांच्यासमोर दोन मिनिटं डफ धरला की काम व्हायचं. हे त्यांनी पूर्वी कधी केलेलं असणार, कारण ते सरळ दिव्यापाशी गेले आणि डफ समोर धरून उभे राहिले. पण आमचे दिवे एलईडीचे. निळा, जांभळा, गुलाबी, सगळे रंग, ऊब शून्य. त्यांनी तळहात लावून पाहिला.

"तुमना लाइटबी थंडाच शेतस?"

एलईडीनं वीज वाचते, जनरेटर छोटा चालतो, भाडं कमी पडतं; हे सगळं आम्ही कौतुकानं खर्चाच्या कागदात लिहिलं होतं. त्यातून डफाची शेकोटी गेली, हे लक्षात यायला डफवाला माणूस बैठकीत असायला हवा होता. तो नव्हता. स्वयंपाकघर शाळेच्या पलीकडं, जाऊन यायला दहा मिनिटं. मंचावरून टाळ्यांचा आवाज आला आणि निवेदकानं मंडळाचं नाव पुकारलं.

चौदा मिनिटं

ते गेले. माइकचे चार स्टँड आम्ही ओळीत लावले होते, तोंडं प्रेक्षकांकडं. हे चुकीचं आहे हे मला पहिल्या मिनिटात दिसलं. वही गाणारे एकमेकांकडं बघून गातात. म्होरक्या ओळ टाकतो, झील धरणारे ती उचलतात, आणि कुठं उचलायची हे समोरच्याच्या खांद्याच्या हलण्यावरून कळतं. त्यांना शाळेच्या कवायतीसारखं ओळीत उभं केलं आणि डोळ्याला डोळा लागायचा बंद झाला. पुढचे दोघे ऐकू येत होते, मागचे बारा ओठ हलवत होते. ध्वनिवाल्याची बटणं एका माणसाच्या बोलण्यावर बसवलेली. डफाची पहिली थाप पडताच स्पीकर हूं करून घुमला, म्हणून त्यानं डफाचा आवाज पार खाली ओढला. सैल डफ, तोही खाली ओढलेला. म्हणजे डफ नव्हताच.

तरी या सगळ्याहून मोठी गोष्ट क्रमाची होती. सव्वीस मिनिटं ज्या मैदानाला दर दहा सेकंदांनी हसायची सवय लागली, त्याच्यापुढं आम्ही नमन ठेवलं. संथ, लांब, गणपतीपासून गावदेवापर्यंत सगळ्यांना हात जोडत जाणारं. तिसऱ्या मिनिटाला मागच्या खुर्च्या सरकल्या. सातव्या मिनिटाला अर्धं मैदान मोटारसायकलींच्या किल्ल्या शोधत होतं. बायका तेवढ्या बसून होत्या, पुढच्या सतरंज्यांवर, आणि त्यांतल्या काही जणी ओठांत गात होत्या.

दुसऱ्या दिवशी समितीत जे ठरून गेल्यासारखं बोललं जात होतं, ते हे: लोकांना आता हे नको असतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण भावनेचं नाही. हाच प्रश्न तमाशानं कधीच सोडवलेला आहे. गण, गवळण, बतावणी, मग वग. बतावणी म्हणजे निव्वळ हसवणं, आणि ती लांब कथेच्या आधीच असते. म्हणजे विनोदानंतर कथा चालत नाही, हे खोटं. पण तिथला सोंगाड्या हसवून निघून जात नाही. वगात तो राजाचा शिपाई होतो, प्रधानाचा नोकर होतो, हसणाऱ्या माणसांचा हात धरून त्यांना गोष्टीत घेऊन येतो. आमच्या सोंगाड्यानं वाकून नमस्कार केला आणि तो मागच्या पायऱ्यांनी उतरला. आम्ही त्याला आयटम म्हणून बोलावलं होतं, तो आयटमसारखा संपला. त्यात त्याचा दोष काय?

आणि तो मुलगा काही परका नव्हता. चोपडा तालुक्यातला, शिकायला म्हणून पुण्यात गेलेला, तिथं कंपनीत नोकरी करून शनिवार-रविवारी कार्यक्रम करणारा. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी बघणारे मिळायला लागल्यापासून अहिराणीत बोलायची लाज गेली, असं तो म्हणतो. त्याच्या आज्याच्या गावी वही व्हायची. हे सगळं मला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना.

मानधनाचं एका ओळीत सांगते, कारण ते लिहायला जड जातं. त्या मुलाला आम्ही पंधरा हजार दिले आणि चौदा जणांच्या मंडळाला सात, ज्यातले तीन दोन काळीपिवळ्यांच्या भाड्यात गेले.

भरताचा जाळ

मंडळी त्या रात्री शाळेच्या वर्गात झोपली. सकाळी निघणार होती. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना भरीत-पुरीचं जेवण होतं, आणि आमच्या आचाऱ्यानं आग्रह केला की एवढे आलात तर भरीत खाऊन जा. खान्देशात हा आग्रह मोडत नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास शाळेमागच्या पटांगणात कपाशीच्या काड्यांचे ढीग पेटले. त्यात हिरवी, पांढुरकी, हातभर लांब वांगी. वांग्याची साल करपून तडकली की काठीनं बाहेर ओढायची, बडगीत मिरची-लसणीबरोबर कुटायची. धूर सगळीकडं. मी हिशेबाचे कागद घेऊन तिथं गेले तेव्हा आबा जाळापाशी उकिडवे बसले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डफ. वांगी उलटवता उलटवता त्यांनी डफ उन्हाकडं तोंड करून जाळावर धरला, फिरवला, बोट मारलं.

टण्ण.

आचाऱ्याचा पोऱ्या वांगं सोलायचा थांबला. आबांनी दुसरा डफ मागवला. मग तिसरा. कोणी कोणाला गा म्हटलं नाही. मंडळातला एकेक माणूस वर्गातून अंगावरची चादर काढत आला आणि जाळाभोवती कडं करून बसला. तोंडं आत, पाठी बाहेर.

हास्यकलाकार मुलगा पत्रावळीवर गरम भरीत घेऊन उभा होता. नमन संपून कथा लागली, तसा तो एका ओळीशी थांबून म्हणाला, "आबा, देवले थंडी नही वाजत का?" आबांनी गाण्याची लय न सोडता त्याला उत्तर दिलं, तेही यमकात. मग त्याला सापडलं. पुढं तो कथेतल्या राजाचा हरकाम्या झाला, आचाऱ्याचा झारा खांद्यावर घेऊन. नाच्यानं लुगडं नेसलंच नव्हतं. त्यानं नृत्यवर्गातल्या एका मुलीची ओढणी मागितली आणि पँटवरच नाचला. त्या मुली, ज्यांना आदल्या रात्री पेन ड्राइव्हवरच्या गाण्यावर मोजून पावलं टाकताना मी पाहिलं होतं, हळूहळू कडेला ठेका धरू लागल्या. त्यांच्या बाई आधी नको नको म्हणत होत्या, नंतर त्याही धरू लागल्या. नाट्यसंघाची पोरं, आचारी, पोळ्या लाटायला आलेल्या बाया, ध्वनिवाला. ध्वनिवाला मागं हात बांधून उभा होता, आणि मधेच मला म्हणाला, "मॅडम, हे काल असं का नाही वाजलं?"

३.४० ला सुरू झालं ते साडेपाचला थांबलं, आणि थांबलं ते मंचावर पाहुणे आले म्हणून. एकही माइक नव्हता. माणसं फार तर दीड-दोनशे असतील. ती मैदानभर गर्दी नव्हती, आणि हे यश होतं असं मी अहवालात लिहिलं तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "त्याचे फोटो कुठे आहेत?" फोटो नव्हते. छायाचित्रकार मंचापाशी फुलांची आरास टिपत होता.

यंदा

यंदाचं पत्रक मी नव्यानं केलं. त्यात 'मंचाचा प्रकार' असा रकाना आहे: उंच मंच, जमीन, गोल. 'वाद्यांसाठी काय लागेल' असा आहे. 'आधी आणि नंतर कोण असावं' असाही आहे, आणि त्यावर समितीत बराच वाद झाला, कारण उद्या प्रत्येक जण त्या हास्यकलाकार मुलासारखाच सोंगाड्या मागेल. मागू देत. सत्कार वीस मिनिटांवर गेला की निवेदकानं घंटा वाजवायची, हा ठराव मात्र नापास झाला. मानधन माणशी धरायचं, हा ठराव अर्धा पास झाला: मंडळाला यंदा चौदा हजार आणि गाडीभाडं वेगळं.

वही दुपारी आहे, मैदानाच्या पश्चिम कडेला, भरताच्या भट्ट्यांपासून वीस पावलांवर. अग्निशमनाच्या दोन नळकांड्या आणि वाळूच्या बादल्या तिथं ठेवणार आहोत. हास्यकलाकार मुलगा रात्री मंचावर आहेच, पण दुपारी मंडळात बसायला तो आदल्या दिवशीच येतोय, रजा टाकून.

आबांना फोन केला, तारीख सांगितली. त्यांनी किती जण, जेवण काय, यातलं काही विचारलं नाही. वेळ विचारली.

"चार वाजता, आबा."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, "तठे ऊन शे ना?"